‘मंजी’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेचा विषय निघाला की गेवराई तालुक्यातल्या पोरापोरींचा पहिला प्रश्न व्याकरणाबद्दल नसतो. ‘आपला टोन गावरान हाय, चालंल का?’ हा असतो. उमापुरातून बारावी करून नर्सिंगला, इंजिनिअरिंगला किंवा थेट परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला ही धास्ती बहुतेक वेळा पुण्याच्या एखाद्या हॉस्टेलवर पहिल्यांदा भेटते. तिथं त्याच्या मराठीलाच कुणीतरी हसतं. ‘कामून’ म्हटलं की हशा, ‘मी जायलो’ म्हटलं की हशा. मग त्याच्या मनात येतं, आईच्या तोंडून शिकलेल्या भाषेची ही गत, तर उसन्या इंग्रजीचं काय होणार? त्या रात्री तो मोबाइल घेऊन कुणा अमेरिकन माणसाची नक्कल करायला बसतो. त्याने बसायच्या आधी हे वाचावं.

परीक्षेला नेमकं काय हवं असतं, तेवढं आधी पाहू. आपल्याकडे सर्वांत ओळखीची परीक्षा आयईएलटीएस, म्हणजे सगळे ‘आयल्ट्स’ म्हणतात ती. तिची तोंडी 11 ते 14 मिनिटांची. समोर परीक्षक असतो, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर, आणि सगळं ध्वनिमुद्रित होतं. गुण चार गोष्टींना, सारखे वाटून: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे उच्चाराचा वाटा पावच. आणि त्या पावातही, सर्वांत वरच्या नऊच्या बँडचं वर्णन ‘लहेजा नसावा’ असं सांगत नाही. लहेजामुळे समजायला अडचण येत नाही, एवढंच त्यात आहे. त्याच परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे वेगवेगळे हेल मुद्दाम ठेवलेले असतात. स्वतः इतके हेल वापरणारी परीक्षा आणखी एकावर कशी रागावेल?

नर्स आणि डॉक्टरांसाठी ओईटी नावाची परीक्षा आहे. तिच्यात दोन नाटुकल्यांसारखे प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण 5 मिनिटांचे. तुम्ही नर्स, समोरचा रुग्ण किंवा रुग्णाचा नातेवाईक. भाषेच्या निकषांत पहिला निकष आकलनसुलभता हाच. पीटीई नावाच्या आणखी एका परीक्षेत समोर माणूस नसतो, मायक्रोफोन असतो आणि गुण मुख्यतः संगणक देतो. तिथं गावरान हेलापेक्षा गप्प बसणं महागात पडतं: 3 सेकंद शांतता झाली की माइक बंद. आणि घरची परीक्षा म्हणाल, तर बारावीच्या इंग्रजीला 80 गुणांची लेखी आणि 20 गुणांची तोंडी असते. ती आपल्याच कॉलेजात, आपल्याच सरांपुढे होते. त्या 20 गुणांकडे ‘सर देऊन टाकतात’ म्हणून पाहू नका. अनोळखी माणसासमोर बोलण्याची ती फुकटची तालीम आहे.

आता उच्चार. लेखाचा मोठा भाग मी यावरच खर्च करणार आहे, कारण इथं चुकीच्या गोष्टींची लाज आणि खऱ्या चुकांकडे काणाडोळा, असं दोन्ही चाललेलं दिसतं.

आपला ‘ट’ आणि ‘ड’ जीभ वळवून येतो, इंग्रजांचा तसा येत नाही. यावरून भारतीय माणूस एका वाक्यात ओळखू येतो. ओळखू येऊ द्या. त्याने अर्थ बिघडत नाही. ‘थ्री’मधला ‘थ’ आपण दाताला जीभ लावून, हवा सोडून म्हणतो. इंग्रजीतला ध्वनी निराळा आहे. पण मराठी माणूस ‘थ्री’ आणि ‘ट्री’ यांत गोंधळ करत नाही, त्यामुळे ऐकणाराही करत नाही. ‘डाक्टर’, ‘कालेज’ असं म्हणता म्हणून कुणी टोकलं असेल, तर एक गंमत सांगतो. या शब्दांतला अमेरिकन स्वर आपल्या ‘आ’च्या बराच जवळ जातो. पुण्यात ज्या ‘डाक्टर’ला हसतात, तो न्यूयॉर्कमध्ये सहज खपून जाईल.

नुकसान होतं ते ऱ्हस्व-दीर्घात. मराठीत आपण ते लिहितो, त्यापायी गुण घालवतो, पण बोलताना पाळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण कानाने ओळखत नाही, संदर्भाने ओळखतो. हीच सवय इंग्रजीत गेली की पंचाईत. ‘शीप’ म्हणजे मेंढ्या आणि ‘शिप’ म्हणजे जहाज. उमापूरच्या रस्त्यावरून रोज शंभर शिप जातात असं सांगितलंत, तर परीक्षक मनातल्या मनात नकाशावर समुद्र शोधायला लागेल. ‘आय लिव्ह इन उमापूर’ म्हणजे मी तिथं राहतो. ‘लीव्ह’ झालं की सोडून चाललो. आणि फरक फक्त लांबीचा नाही, तोंडाच्या ठेवणीचाही आहे. ‘शीप’ला ओठ हसल्यासारखे ताणतात, ‘शिप’ला सैल राहतात. आरशासमोर एकदा करून पाहा.

दुसरी जागा ‘स’ आणि ‘श’ यांची. जुनी माणसं ‘शिनेमा’, ‘शिमिट’ म्हणतात. ‘इ’ पुढे आली की ‘स’चा ‘श’ व्हायची ओढ आपल्या बोलीत आहे. एरवी गोड वाटतं, पण ‘प्लीज सिट’ म्हणताना काय होऊ शकतं हे लिहायची गरज नाही. ओईटीत रुग्णाला बसायला सांगावं लागू शकतं, म्हणून नर्सिंगच्या मुलींनी हा एक शब्द घासूनपुसून घ्यावा.

तिसरी जागा ‘ज’ची, आणि इथं मराठीने आपल्याला अर्धी मदत केली आहे. ‘जर’मधला ‘ज’ आणि ‘जीव’मधला ‘ज’ वेगळे, हे लहान मूलही न शिकवता पाळतं. त्यातला ‘जर’चा ‘ज’ इंग्रजी ‘झू’मधल्या ध्वनीला जवळचा, ‘झोप’मधला ‘झ’ त्याहून जवळचा. पण ‘इ’ आणि ‘ए’ आले की आपली जीभ ‘जीव’कडे घसरते. म्हणून ‘झू’ म्हणणाराच मुलगा ‘बिझी’ला ‘बिजी’ आणि ‘ईझी’ला ‘ईजी’ म्हणतो. ज्यांच्या घरी दखनी बोलतात त्यांना हा त्रास कमी, कारण ‘ज़िंदगी’ म्हणताना जीभ ते रोज करतेच. वर्गात असा मित्र असेल तर त्याच्याकडून शिका. क्लासची फी वाचेल.

‘व्ह’ आणि ‘व’ यांचा फरक मराठीत अर्थाला लागत नाही, इंग्रजीत लागतो. ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर, ‘वेट’ म्हणजे ओलं. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. एवढं सांभाळलं तरी पुरे.

पण या सगळ्यांहून मोठी चूक हेलाची नाहीच. ती डोळ्यांची आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आलं ते फळ्यावरून आणि पुस्तकातून. कानाला त्याची फारशी ओळख झाली नाही. जसं लिहिलं तसं वाचायचं, हा देवनागरीचा सरळ स्वभाव आपण इंग्रजीला लावला. म्हणून ‘डाउट’चं ‘डाउब्ट’ होतं, ‘रिसीट’चं ‘रिसिप्ट’ होतं, आणि ‘कम्फर्टेबल’, ‘व्हेजिटेबल’ या शब्दांच्या शेवटी एकेक टेबल मांडलं जातं. ‘वॉच्ट’ऐवजी ‘वॉचेड’. उलट बाजूने ‘नेक्स्ट’चं ‘नेक्स’ आणि ‘फर्स्ट’चं ‘फस’. शेवटचा ‘ट’ किंवा ‘ड’ खाल्लात, तर भूतकाळच ऐकू येत नाही. मग चूक उच्चाराची, पण गुण व्याकरणाचेही जातात. ही बीडची चूक नाही, पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतही सर्रास चालते. फक्त तिथं तिला कुणी गावरान म्हणत नाही.

आणि आघात. मराठीत शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यावर अर्थ ठरत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र आधी जोरच ऐकतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो. ‘ॲग्रिकल्चर’चा पहिल्यावर, ‘इंजिनिअर’चा शेवटी. ‘हॉटेल’वर आपण सुरुवातीलाच जोर देतो, तिथं तो ‘टेल’वर असतो. हे समजवायला इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा आपला हरिनाम सप्ताह कामाचा. टाळ धरलेल्या पोराला समेवर यायचं असतं, मधल्या मात्रा हलक्या सोडायच्या असतात, हे शिकवावं लागत नाही. इंग्रजी वाक्यही असंच चालतं: महत्त्वाच्या शब्दावर ठोका, बाकीचे ‘द’, ‘टू’, ‘ऑफ’ भरभर. टाळी वाजवत पाच वाक्यं रोज म्हणा. घरचे विचारतील काय चाललंय. भजनाची तालीम म्हणून सांगा, फार खोटं होणार नाही.

आता शब्दांकडे वळू. ‘मंजी’ हा आपला लाडका शब्द. वाक्य अडलं की ‘मंजी’, विचार करायला वेळ हवा की ‘मंजी’. इंग्रजीत त्याचं ‘मीन्स’ होतं: ‘माय फादर मीन्स ही इज फार्मर’. ऐकणाऱ्याला वाटतं, वडील या शब्दाचा अर्थ सांगतोय. त्याजागी ‘आय मीन’ किंवा ‘व्हॉट आय मीन इज’ ठेवा. ‘काय की!’ला ‘आय ॲम नॉट रिअली शुअर’. ‘आं?’ला ‘सॉरी?’. आपल्या ‘च’चं ‘ओन्ली’ होतं, ‘आय ॲम फ्रॉम बीड ओन्ली’. भारतभर चालतं हे. पण परक्या कानाला ते ‘मी फक्त बीडचा, बाकी कुठला नाही’ असं काहीसं ऐकू येतं. इंग्रजीत ‘च’ शब्दात नसतो, आवाजात असतो. ‘बीड’वर जोर द्या, झालं.

काही शब्द तर फसवे. चौकात ज्याला आपण हॉटेल म्हणतो, जिथं कट चहा आणि भजी मिळतात, ते इंग्रजीत हॉटेल नाही. तिथं माणसं खोली घेऊन राहतात. ‘टी स्टॉल’ म्हणा. ‘आय पास्ड आउट इन 2023’ म्हणजे ब्रिटिश कानाला त्या वर्षी तुम्हाला चक्कर आली होती. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत ती ‘टेक’ करतात. लाख म्हटल्याने गुण कापत नाहीत, पण ‘अ हंड्रेड थाउजंड’ जोडून दिलं की समोरच्याला हिशोब लागतो. तसंच गुंठ्याचं: 40 गुंठे म्हणजे एक एकर, तेव्हा एकरातच सांगा. क्विंटल सांगितला तर ‘हंड्रेड किलोज’ पुढे ठेवा.

मग आपले अस्सल शब्द वापरायचेच नाहीत का? वापरा. फक्त ते कसे वापरायचे ते शिकून घ्या. आयईएलटीएसच्या दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, तयारीला 1 मिनिट, मग 2 मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. ‘तुमच्या भागातला एखादा खास पदार्थ’, ‘लहानपणची आठवण’, असे विषय. इथं पुण्याच्या क्लासमध्ये पाठ केलेला पिझ्झा सांगणारी पोरं बघितली की जीव तुटतो. शेतात बसून हुरडा खाल्लेला मुलगा पिझ्झ्यावर काय 2 मिनिटं बोलणार? ‘हुर्डा’ म्हणा आणि त्याच श्वासात सांगा, ‘फ्रेश सॉर्गम, रोस्टेड ओव्हर अ फायर राइट देअर इन द फील्ड’. शब्द आपला, अर्थ त्यांचा. एखाद्या शब्दाला प्रतिशब्द सापडला नाही तर तो फोड करून सांगता येणं, याला शब्दसंपत्तीच्या निकषात स्पष्ट जागा आहे. म्हणजे ज्याची लाज वाटत होती, तिथंच गुण ठेवलेले आहेत.

‘उचल’ शब्द घ्या. त्याला ‘ॲडव्हान्स’ म्हटलं की अर्धी गोष्ट हरवते. ‘उचल इज द मनी अ कॉन्ट्रॅक्टर गिव्ह्ज अ फॅमिली बिफोर द केन सीझन, अँड दे पे इट बॅक विथ देअर वर्क.’ किंवा नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात, हे सांगा: कोयता हे हत्यार, आणि माणसं त्याच्या नावाने मोजली जातात. तिसऱ्या भागात परीक्षक गावातून शहराकडे होणाऱ्या स्थलांतराबद्दल विचारू शकतो. दसरा-दिवाळीनंतर रिकामं होणारं गाव पाहिलेल्या मुलाकडे त्यावर बोलायला जेवढं आहे, तेवढं कोणत्याही नमुना-उत्तराच्या पुस्तकात नाही.

ऊसतोडीवरून आणखी एक. बीड जिल्ह्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्यांच्याबरोबर गेलेली लेकरं फडावर आपली बोली बोलतात आणि तिथल्या दुकानदाराशी त्याला कळेल अशी. हेल पुसत नाहीत. वेग कमी करतात, एखादा शब्द बदलतात, कळलं की नाही ते तोंडाकडे बघून ओळखतात. बोलण्याच्या परीक्षेत याहून वेगळं काही मागत नाहीत. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली मराठी पडद्यावर आणली आणि अख्ख्या महाराष्ट्राने ती ऐकली, तीही प्रत्येक वाक्य समजत होतं म्हणूनच.

उलट टोकाची गल्लत म्हणजे पाठ केलेले वाक्प्रचार. कुत्र्यामांजरांचा पाऊस आणि निळा चंद्र उत्तरात कुठंही टाकायचे. समजा, एखादा परदेशी माणूस मराठी शिकून आला आणि दर वाक्यात ‘अंगाचा तिळपापड झाला’, ‘घोडामैदान जवळच आहे’ म्हणू लागला, तर आपण त्याच्या मराठीचं कौतुक करू की हसू दाबू? तसंच ते. आणि ‘ब्रो’, ‘ड्यूड’? परीक्षक तुमचा ब्रो नाही. ‘गॉना’, ‘वॉना’ ओघात आले तर बोलण्यात चालतात, लिहिण्यात नाही. पण मुद्दाम पेरू नका. कट्ट्यावरची भाषा आपण मामांशी बोलत नाही, हे तारतम्य इंग्रजीतही तेच. ओईटीत तर नेमकं हेच तपासतात: रुग्णाला कळेल अशी साधी, अदबीची भाषा आहे का. वैद्यकीय शब्द रुग्णाच्या तोंडावर फेकणं ही तिथं चूक धरतात.

उसन्या अमेरिकन लहेजाबद्दल माझं मत कडक आहे. तो पहिली 3 मिनिटं टिकतो. मग अवघड प्रश्न येतो, डोकं विचारात गुंततं, आणि ‘वॉटर’चं ‘वॉडर’ करणारा मुलगा अचानक गेवराई स्टँडवर उतरतो. ऐकणाऱ्याला एकाच तोंडातून दोन माणसं ऐकू येतात, आणि समजायला दोन्ही अवघड जातात. लक्ष जिभेवर ठेवलं की विचारावरून उडतं, म्हणून ओघाचेही गुण जातात.

सरावाला महागडा क्लास लागतोच असं नाही. मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय असते. भाषा ‘इंग्लिश युनायटेड किंगडम’ ठेवा. ‘इंडिया’ ठेवलीत तर तो आपल्या चुका सांभाळून घेऊ शकतो. ‘शीप’, ‘शिप’, ‘वेट’, ‘व्हेट’ असलेली वाक्यं बोला आणि काय उमटतं ते बघा. दुसरा उपाय मित्राबरोबरचा: एकाने पाठमोरं बसून शब्द म्हणायचा, दुसऱ्याने ऐकून लिहायचा. दहातले आठ बरोबर आले की पुढची जोडी. कानासाठी आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐका. त्यांचा लहेजा भारतीय आहे आणि शब्द न् शब्द कळतो. आपल्याला गाठायचं आहे ते ठिकाण तेच. आठवड्यातून एकदा स्वतःचं 2 मिनिटांचं बोलणं मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर आपण काय म्हणालो ते आठवत असतं, आणि मग कान चुकांवर पांघरूण घालतात.

परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट विसरू नका, आयईएलटीएसला तोच ओळखपत्र म्हणून लागतो. आत प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर ठोकू नका. ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ विचारा.

आणि सुरुवातीलाच परीक्षक तुमचं पूर्ण नाव विचारेल. इथं ‘ग्यानेश’ वगैरे होऊ नका. ज्ञानेश्वर असाल तर ज्ञानेश्वर म्हणा, घरी म्हणतात तसं. त्याला ते नीट म्हणता येणार नाही. तो एकदा चाचपडेल, हसेल, पुन्हा विचारेल. मग तुम्ही न चिडता, थोडं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून त्याला परत सांगाल: द्-न्या-ने-श्वर.